सॅटेलाइट फोटो जरूर छापा, पण खाली तारीख, वेळ आणि उपग्रहाचं नाव पण छापा

मा. संपादक यांस,

नमस्कार. पत्र लांब झालंय याची कल्पना आहे, पण जमलं तर पूर्ण छापा, कारण मधलं काढलं तर मुद्दा अर्धवट राहील.

मे २०२५ पासून, म्हणजे ऑपरेशन सिंदूरनंतर, आपल्या पेपरांत आणि मराठी चॅनेलवर सॅटेलाइट फोटो सर्रास यायला लागलेत. वरून काढलेला एक राखाडी फोटो, त्यात लाल गोल, एक बाण आणि शेजारी ठळक अक्षरात "इथेच उभी होती लढाऊ विमानं" नाहीतर "हीच ती युद्धनौका". वाचणारा म्हणतो फोटोच आहे की, अजून काय पुरावा पाहिजे. पण तो फोटो कुठल्या दिवशी काढला, किती वाजता काढला, कुठल्या उपग्रहाने काढला आणि तो बाण नेमका कोणी काढला, यातलं काहीच खाली नसतं, फार तर "सौजन्य : सोशल मीडिया" एवढं असतं. माझं म्हणणं एवढंच की ही माहिती हातात नसेल तर असा फोटो छापूच नका, आणि असेल तर ती फोटोखाली आलीच पाहिजे. का ते सांगतो.

मी पुण्यात जीआयएसचं काम करतो. सैन्याशी काही संबंध नाही, ऊस किती लागला, द्राक्षबागा किती, पावसाने कुठल्या तालुक्यात पाणी साचलं असले नकाशे बनवणं हे माझं काम. पण सेंटिनेल-२ नावाच्या ज्या युरोपियन उपग्रहांच्या फोटोवर आम्ही ऊस मोजतो त्याच फोटोवर जगभरातली हौशी माणसं विमानवाहू जहाजं शोधत बसलेली असतात, कारण तो डेटा फुकट आहे, कोणीही ब्राउझर उघडून बघू शकतं आणि साधारण पाच दिवसांनी त्याच जागेचा नवीन फोटो येतो. असे फोटो रोज डोळ्याखालून जात असल्यामुळे ते किती फसवतात हे मला नीट माहितीये, आणि म्हणूनच पेपरात तसला फोटो बघितला की पोटात गोळा येतो.

मे २०२५ मधलीच उदाहरणं घ्या. पंजाबमधल्या आदमपूर एअरबेसचा एक फोटो फिरत होता, त्यात विमानाच्या मागे काळा डाग दिसत होता आणि दावा असा की पाकिस्तानने भारताचं सुखोई-३० उडवलं. उपग्रहाचे फोटो वाचणाऱ्या एका स्वतंत्र अभ्यासकाने जुने फोटो काढून दाखवलं की हा फोटो लढाई सुरू व्हायच्या आधीचा आहे, ते विमान सुखोई नाही, दुरुस्तीला उभं केलेलं मिग-२९ आहे आणि काळा डाग म्हणजे तिथे नेहमी इंजिन टेस्ट करतात त्याची काजळी. कच्छमधल्या नलिया एअरबेसवर हल्ल्याची खूण म्हणून जे काळं दाखवत होते ती तर वरून जाणाऱ्या ढगाची सावली होती. आता हे फोटो ज्यांनी फॉरवर्ड केले ते सगळे मुद्दाम खोटं पसरवत होते असं मी म्हणत नाही. वरून बघायची सवय नसलेल्या माणसाला काजळी, सावली, सांडलेलं तेल आणि स्फोटाचा डाग हे चारही सारखेच दिसतात.

आणि आपल्या बाजूने सगळं बरोबरच होतं असं पण नाही. ८ मेच्या रात्री आपल्याकडच्या कितीतरी चॅनेलनी कराची बंदर उद्ध्वस्त झालं, नौदलाने हल्ला केला असं ओरडून ओरडून सांगितलं, आणि तसं काही झालंच नव्हतं. बंदरावर हल्ला होतो तेव्हा क्रेन पडतात, गोदामं जळतात, जहाजं धक्क्याला कलंडतात, आणि हे सगळं साध्या फुकट फोटोत सुद्धा काही दिवस दिसत राहतं. एका स्वच्छ फोटोची वाट बघायची तयारी असती तर ती बातमी गेलीच नसती.

याच्या उलट पाकिस्तानातल्या भोलारी एअरबेसच्या हँगरचं नुकसान, सरगोधाच्या धावपट्टीवरचे खड्डे, रावळपिंडीजवळच्या नूर खान तळावरची पडझड, या गोष्टी अमेरिकन कंपनीच्या फोटोंमध्ये स्पष्ट दिसल्या आणि जगाने मान्य केल्या. त्या का मान्य झाल्या, तर फोटोवर तारीख होती, कंपनीचं नाव होतं आणि शेजारी त्याच जागेचा हल्ल्याआधीचा फोटो होता. दोन्ही शेजारी ठेवले की वाचणारा स्वतःच बघतो की आधी छप्पर अख्खं होतं आणि नंतर त्याला भोक आहे, तिथे बाण काढायची पण गरज पडत नाही.

आता फोटोत मुळात काय दिसू शकतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गडबड इथूनच सुरू होते. सेंटिनेल-२ च्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन. आपलं राफेल साधारण १५ मीटर लांब आणि पंख ११ मीटरच्या आसपास, म्हणजे ते अख्खं विमान एक-दोन पिक्सेलमध्ये संपलं. तिथे नुसता एक फिकट ठिपका दिसणार, तो राफेल आहे का पाण्याचा टँकर आहे हे देव पण सांगू शकणार नाही. सी-१७ सारखं मोठं मालवाहू विमान ५० मीटरच्या वर जातं, त्याचा अधिकच्या चिन्हासारखा आकार पाच पिक्सेलमध्ये ओळखू येतो, पण जेमतेमच. उलट आयएनएस विक्रांत २६२ मीटर लांब आहे, म्हणजे २६ पिक्सेल, ते फुकटच्या फोटोत पण व्यवस्थित दिसतं. म्हणून "सेंटिनेलच्या फोटोत शत्रूची जेएफ-१७ विमानं दिसली" असं कोणी म्हणालं तर ती थाप समजा, आणि "विमानवाहू नौका बंदरातून गेलेली दिसते" असं म्हणालं तर ते शक्य आहे.

पैसे देऊन घ्यायचे फोटो वेगळे. २०१४ मध्ये सोडलेल्या वर्ल्डव्ह्यू-३ चा पिक्सेल ३१ सेंटिमीटरचा आहे आणि आपल्या इस्रोचा नोव्हेंबर २०१९ मध्ये गेलेला कार्टोसॅट-३ तर ३० सेंटिमीटरपेक्षाही बारीक बघतो. त्यात राफेलची लांबी पन्नासेक पिक्सेलमध्ये येते, मग पंखांचा त्रिकोण दिसतो, नाकाजवळचे छोटे पंख दिसतात, सुखोईच्या दोन शेपट्या सावलीत मोजता येतात. तरी पण गफलत होतेच. मिराज २००० आपल्याकडे आहे आणि पाकिस्तानकडे जुनी मिराज-३ आणि मिराज-५ आहेत, दोन्हीचे पंख त्रिकोणीच, वरून बघणाऱ्या नवख्या माणसाला एकच विमान वाटेल. फोटोत दिसणाऱ्या विमानाचं नाव ठामपणे लिहायचं तर लांबी, पंखाचा पसारा, शेपटी, सगळं मोजून लिहावं लागतं, नाहीतर नुसतं "लढाऊ विमानासारखं दिसणारं" एवढंच लिहावं.

जहाजांचं तंत्र अजून वेगळं आणि खरं सांगायचं तर मला जास्त आवडणारं. युद्धनौका सडपातळ असते. आपली कोलकाता क्लासची विनाशिका १६३ मीटर लांब आणि रुंदी १७ मीटरच्या आसपास, म्हणजे लांबी रुंदीच्या नऊपट. मोठा तेलाचा टँकर ३३० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद, म्हणजे साडेपाच पट. त्यामुळे नाव-गाव काही कळलं नाही तरी नुसत्या आकारावरून सैनिकी का व्यापारी याचा चांगला अंदाज येतो. मग मागच्या बाजूला हेलिकॉप्टर उतरायची मोकळी जागा, एकाला एक लावून धक्क्याला उभी केलेली जहाजं, या बाकीच्या खुणा. विक्रांत आणि विक्रमादित्य दोन्ही विमानवाहू, दोघांच्या पुढच्या टोकाला विमान उडायला वर वळवलेली चढण, पण विक्रांतच्या विमानांच्या दोन्ही लिफ्ट डेकच्या उजव्या कडेला आहेत आणि विक्रमादित्यच्या डेकच्या आत आहेत, चांगल्या फोटोत ते कळतं. पाणबुडी बंदरात उभी असली तरच दिसते, काळी सिगारसारखी, आणि आपली कलवरी क्लासची पाणबुडी तर जेमतेम सहा-सात मीटर रुंद, म्हणजे सेंटिनेलमध्ये तिच्या रुंदीला एक अख्खा पिक्सेल पण मिळत नाही.

कोकणातल्या लोकांना पुढचा मुद्दा लगेच पटेल. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर ढगच ढग. या दिवसांत साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला मुंबई, रत्नागिरी, गोवा, कारवार बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणजे "१५ जुलैचा फोटो" म्हणून कोणी मुंबई बंदराचा लख्ख उन्हातला फोटो पाठवला तर पहिली शंका तिथेच घ्यायची. ढगातून बघायला रडारचा उपग्रह लागतो. तो स्वतः रेडिओ लहरी खाली सोडतो आणि परत आलेला प्रतिसाद मोजतो, त्यामुळे त्याला ढग, रात्र, पाऊस, काही आडवं येत नाही. शांत पाणी लहरी पलीकडे परतवून टाकतं म्हणून समुद्र काळा येतो, आणि लोखंडी जहाजाचे कोपरे लहर आल्या वाटेनेच परत पाठवतात म्हणून जहाज झगझगीत येतं, रात्री अंगणात बॅटरी मारल्यावर मांजराचे डोळे चमकतात तसं. २६/११ नंतर आपण एप्रिल २००९ मध्ये रिसॅट-२ हा रडारवाला उपग्रह सोडला. आता जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून नासा आणि इस्रोचा निसार गेलाय, तो जमीन, बर्फ, पिकं यासाठी आहे पण रडार ते रडारच.

रडारच्या फोटोत एक गंमतीची गोष्ट दिसते, जी माहिती नसली तर माणूस चक्रावून जातो. जहाज चालत असेल तर त्याच्या मागे पाण्यात पडलेली रेघ एका जागी दिसते आणि जहाज त्या रेघेपासून बाजूला सरकलेलं दिसतं, जणू रस्ता इकडे आणि गाडी तिकडे. रडार जागा ठरवताना परत आलेल्या लहरीच्या फ्रिक्वेन्सीतला बदल धरतं आणि जहाजाच्या स्वतःच्या वेगामुळे त्या हिशोबात फरक पडतो, म्हणून असं होतं. पण हीच चूक उपयोगी पडते, कारण जहाज रेघेपासून किती सरकलंय हे मोजून त्याचा वेग काढता येतो. साध्या फोटोत पण असंच काहीसं आहे, सेंटिनेल-२ निळा, हिरवा आणि लाल रंग अगदी एकाच क्षणी टिपत नाही, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि उडतं विमान तेवढ्यात दोन-अडीचशे मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणून एकाच विमानाच्या तीन रंगीत प्रतिमा एका ओळीत दिसतात. माहिती नसलेल्या माणसाला वाटेल की तीन विमानं फॉर्मेशनमध्ये चाललीत. हा फोटो उद्या कोणी "सीमेजवळ तीन विमानं" म्हणून पाठवला तर तुमच्या डेस्कवर किती जणांना शंका येईल, खरंच विचारतोय.

मुंबईसमोरच्या समुद्रात अजून एक घोळ आहे. रडारच्या फोटोत मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर पश्चिमेला झगझगीत ठिपक्यांचा पुंजका दिसतो. कोणाला वाटेल की आरमार उभं आहे. ते बॉम्बे हायचे तेलाचे प्लॅटफॉर्म, वर्षानुवर्षं तिथेच आहेत. म्हणून एका फोटोवर कधीच विसंबायचं नाही, महिन्याभराचे पाच-सहा फोटो एकावर एक ठेवायचे, जे हलत नाही ते प्लॅटफॉर्म, जे हलतं ते जहाज. पावसाळी वाऱ्याने समुद्र खवळलेला असला की पाणी पण चमकायला लागतं आणि आमच्या हर्णैच्या ट्रॉलरसारख्या पंधरा-वीस मीटरच्या बोटी त्यात सरळ हरवून जातात. म्हणजे फोटोत बोट दिसली नाही याचा अर्थ ती तिथे नव्हती असा होत नाही.

हे न दिसण्याचं विमानांना अजून जास्त लागू आहे. एअरबेसवर काल बारा विमानं दिसली आणि आज चारच, म्हणजे आठ नष्ट झाली, अशी हेडलाइन कोणी करू नये. ती आठ काँक्रीटच्या शेल्टरमध्ये असतील, दुसऱ्या तळावर गेली असतील, किंवा नुसती उडत असतील. नष्ट झालेलं विमान मागे जळल्याचा डाग सोडतं, तुटके पंख सोडतं. काळ्या समुद्रावरच्या क्रिमियात रशियाच्या साकी तळावर ९ ऑगस्ट २०२२ ला स्फोट झाले, रशिया म्हणाली की एकाही विमानाला काही झालेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या सॅटेलाइट फोटोत जळून कोळसा झालेल्या विमानांचे आकार एकेक करून मोजता येत होते. तिथे विमानं नुसती गायब नव्हती, त्यांची जळलेली हाडं जागेवर होती. हा फरक बातमी लिहिणाऱ्याला कळला पाहिजे.

काळ्या समुद्रातलंच दुसरं उदाहरण म्हणजे मॉस्क्वा. रशियाची १८६ मीटर लांबीची ही क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, १३ एप्रिल २०२२ ला युक्रेनच्या क्षेपणास्त्रांनी जखमी झाली आणि १४ तारखेला बुडाली. ढग असल्यामुळे साध्या फोटोंचा उपयोग नव्हता, तेव्हा एका अभ्यासकाने फुकट मिळणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडार फोटोत १३ तारखेच्या संध्याकाळचा तो ठिपका शोधून काढला. पण त्याने नुसता ठिपका दाखवून "हीच मॉस्क्वा" म्हटलं नाही, ठिपक्याचा आकार, आजूबाजूची जहाजं, वेळ, जागा सगळं जुळवून दाखवलं आणि मग म्हटलं. हे काम करणारे लोक आहेत, पद्धत आहे, आपण ती शिकायला काय हरकत आहे.

आणि समोरचा माणूस फसवायला बसलाय हे पण विसरून चालणार नाही. उपग्रह कधी वरून जाणार हे सगळ्यांनाच माहिती असतं. २०२३ मध्ये रशियाने आपल्या बंदरांच्या धक्क्यांवर जहाजांच्या आकृत्या रंगवल्या, खऱ्या जहाजांची पुढची-मागची टोकं काळी रंगवली म्हणजे वरून जहाज छोटं वाटेल, आणि एंगेल्स तळावर टीयू-९५ बॉम्बरच्या पंखांवर जुने टायर पसरून ठेवले, ज्यामुळे फोटो जुळवून लक्ष्य शोधणाऱ्या क्षेपणास्त्राचा गोंधळ व्हावा. चीनने तक्लामकान वाळवंटात अमेरिकन विमानवाहू नौकेच्या आकाराचं लक्ष्य बांधलंय, २०२१ मध्ये त्याचे फोटो आले होते. इराणने तर लाकडी-पत्र्याची नकली विमानवाहू नौका समुद्रात ओढून नेऊन तिच्यावर सराव केला. वाळवंटातल्या त्या नौकेचा फोटो जागा न सांगता छापला तर वाचक काय समजेल ते सांगायला नको.

जहाजांच्या बाबतीत लोक अजून एका गोष्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवतात, ती म्हणजे मोबाईलवर जहाजं दाखवणारी ॲप. मोठ्या व्यापारी जहाजांना आपली जागा रेडिओवरून सांगणारी एआयएस यंत्रणा लावावीच लागते, युद्धनौकांना ती सक्ती नाही. आणि हे सिग्नल खोटे पण बनवता येतात. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनची एचएमएस क्वीन एलिझाबेथ आणि सोबतची जहाजं आयरिश समुद्राकडे निघालेली अशा सिग्नलमध्ये दिसत होती, आणि त्याच जागेचा सॅटेलाइट फोटो काढून बघितला तर तिथे नुसतं पाणी होतं. म्हणजे एकाच प्रकारच्या पुराव्यावर बातमी उभी करायची नाही, फोटोला सिग्नलने तपासायचं आणि सिग्नलला फोटोने.

तुम्ही म्हणाल आमच्याकडे कुठे एवढी यंत्रणा. यंत्रणा लागतच नाही, सावली बघायची. फोटो काढणारे बरेच उपग्रह एका ठिकाणावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातात. हल्ली दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी जाणारे पण आहेत, म्हणूनच तर वेळ छापा म्हणतोय. सकाळच्या फोटोत सूर्य पूर्वेला म्हणजे सावल्या पश्चिमेकडे. डिसेंबरमध्ये त्या लांब आणि उत्तरेकडे झुकलेल्या, मेमध्ये एकदम आखूड. आपल्याकडे मुंबई-पुण्यात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो तो शाळेतल्या मुलांना पण माहिती असतो. मग "१० मेचा फोटो" म्हणून आलेल्या चित्रात हँगरच्या लांबच लांब सावल्या उत्तरेकडे पडलेल्या दिसल्या तर तो फोटो हिवाळ्यातला आहे हे ओळखायला कुठल्या डिग्रीची गरज आहे? दुसरं म्हणजे गुगल अर्थ. तिथला फोटो आजचा नसतो, वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे जोडलेले असतात, तारीख दिलेली असते आणि जुने फोटो बघायची पण सोय आहे. फिरणाऱ्या फोटोंपैकी कितीतरी नुसते तिथले स्क्रीनशॉट असतात, दोन मिनिटांत पकडता येतात.

आता हे काम कॉम्प्युटर करेल असं पण म्हणतात. करतोय खरं, अमेरिकेत २०१८ मध्ये एक्सव्ह्यू नावाचा डेटासेट आला, त्यात ३० सेंटिमीटरच्या फोटोंवर १० लाखांहून जास्त वस्तूंवर खुणा करून ठेवल्यात, त्यावर प्रोग्राम शिकतात आणि हजारो चौरस किलोमीटर फोटो झटपट चाळतात. पण तो प्रोग्राम आकार ओळखतो, गोष्ट ओळखत नाही. गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोला नौदलाचं विमान म्युझियम आहे, बाहेर मैदानात जुनी विमानं मांडून ठेवलीत. प्रोग्राम ती पण तळावरच्या विमानांत मोजून मोकळा होईल. शेवटी फोटोवर माणसाने नजर टाकून "हे म्युझियम आहे" म्हणावंच लागतं. आणि आता एआयने बनवलेले खोटे सॅटेलाइट फोटो यायला लागलेत, ते तर सावलीसकट खरे वाटतात, तिथे मूळ कंपनीकडून फोटो आलाय का हे विचारण्याशिवाय इलाज नाही.

एक नाजूक गोष्ट पण मांडतो. मी सगळं उघड करा असं म्हणत नाहीये. २००५ मध्ये राष्ट्रपती असताना अब्दुल कलामांनी गुगल अर्थवर दिसणाऱ्या संवेदनशील जागांबद्दल जाहीर काळजी व्यक्त केली होती, आणि २६/११ नंतर त्यावर बंदीची मागणी मुंबई हायकोर्टापर्यंत गेली होती. उपग्रहाचे फोटो आता थांबवता येणार नाहीत, शत्रूकडे स्वतःचे उपग्रह आहेत, हे मान्य. पण आपली कुठली नौका आज मुंबईत कुठल्या धक्क्याला आहे, कारवारहून काय निघालं, हे नाव-बाणांसकट लाखो मोबाईलवर पोचवणं ही वेगळी गोष्ट आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर सरकारने चॅनेलना सैन्याच्या हालचाली लाइव्ह दाखवू नका असं सांगितलं होतं, ते फोटोंना पण लागू पडावं असं मला मनापासून वाटतं. मांडव्याच्या लाँचमधून जाताना युद्धनौकांचे व्हिडिओ काढून तारखेसकट टाकणाऱ्यांना पण हेच सांगणं आहे. आपल्या तळांचे आजचे फोटो नकोत, बाहेरच्या दाव्यांची तपासणी मात्र हवी. या दोन्हीत विरोध नाही.

पूर्वी असा एक फोटो बाहेर आणणं म्हणजे तुरुंगाची वाट होती. १९८४ मध्ये सॅम्युएल मॉरिसन या अमेरिकन नौदलाच्या विश्लेषकाने केएच-११ या हेरगिरीच्या उपग्रहाचे फोटो एका ब्रिटिश लष्करी साप्ताहिकाला दिले, काळ्या समुद्राजवळच्या निकोलायेव्हच्या गोदीत सोव्हिएत विमानवाहू नौका बांधली जात होती त्याचे. त्याला शिक्षा झाली, २००१ मध्ये क्लिंटननी जाता जाता माफी दिली. आपलं विक्रमादित्य बाकू या नावाने त्याच गोदीत बांधलं गेलं. तेव्हा जे फोटो बघायला जगातल्या मोजक्या लोकांना परवानगी होती तसले फोटो आज तुमच्या न्यूजरूममध्ये व्हॉट्सअॅपवर येऊन पडतात, आणि त्यावर नजर टाकायला एक पण शिकलेला माणूस नसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर विनंती अशी. सॅटेलाइट फोटो छापाल तेव्हा त्याखाली फोटोची तारीख आणि वेळ, उपग्रह किंवा कंपनीचं नाव, पिक्सेल किती मीटरचा आहे ते, आणि गोल-बाण कोणी काढले ते, एवढं बारीक टाइपात का होईना पण छापा. नुकसान दाखवायचं असेल तर त्याच जागेचा आधीचा फोटो शेजारी छापा, आधीचा मिळत नसेल तर नुकसान झालं असं लिहू नका. उत्तर दिशा कुठे आहे आणि शंभर मीटर म्हणजे किती, हे दाखवणारी छोटी रेघ पण टाका म्हणजे कोणालाही पट्टी लावून विमान मोजता येईल. डेस्कवरच्या दोन जणांना शिकायला पाठवा, देहरादूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात, पवईच्या आयआयटीत आणि आपल्या विद्यापीठांच्या भूगोल विभागांत हे रोज शिकवणारी माणसं आहेत, एक फोन केला तर कोणीही आनंदाने फोटो बघून देईल, मी पण देईन. आणि फोटो चुकीचा निघाला तर दुरुस्ती त्याच पानावर आणि तेवढ्याच आकारात छापा, आतल्या पानावर दोन ओळींत नको.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे (मूळ गाव हर्णै, ता. दापोली)